जुन्या गाडीचा बीसीएम गेला म्हणतात. बदलू, की आधी काही तपासू?

रानवारा (धागाकर्ता), १४ जुलै

नमस्कार मंडळी,

घरची गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, आई-बाबांची दवाखान्याची ये-जा तिच्यावरच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'अमुक चांगली की तमुक' इकडे वळतो आणि प्रश्न बाजूला राहतो.

पाऊस लागल्यापासून भलतेच प्रकार चाललेत. चावी न लावता वायपर एक फेरी मारतो. पार्किंगमध्ये उभी असताना सेंट्रल लॉकचा खटका आपोआप वाजतो. डाव्या बाजूच्या काचा मधूनच खाली-वर व्हायच्या थांबतात. हॉर्न लहर लागली तर वाजतो. आणि दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, जी गेल्या वर्षीच नवीन टाकलीय.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून सांगितलं, 'बीसीएम गेलाय', म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा गाडीतला कॉम्प्युटर. नवा भाग, कोडिंग, मजुरी धरून अडतीस हजार. भाग मागवावा लागेल आणि एकदा मागवला की परत घेणार नाहीत. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, जुन्या बाजारातून साडेचार हजारात आणून बसवून देतो.

कुणी जुन्या गाडीचा बीसीएम बदललाय का? नवा घ्यावा, जुना घ्यावा, की आहे तो दुरुस्त होतो?

चिंचबन, १४ जुलै

वाचतोय. आमच्याकडेही हाच हॉर्नचा प्रकार सुरू झालाय.

टेस्टलॅम्प, १४ जुलै

रानवारा, अजून पैसे भरले नसतील तर थांबा. वीसेक वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, त्यावरून सांगतो. बीसीएम खरोखर जातो, नाही असं नाही. पण 'बीसीएम गेला' म्हणून ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा दोष बीसीएमच्या बाहेर निघतो. त्याला मिळणारा करंट, त्याचं अर्थिंग, किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की अमुक मॉड्यूल नीट बोलत नाहीये. का बोलत नाही, ते मीटर लावून आपल्यालाच शोधावं लागतं.

पहिलं बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना फार खाली, म्हणजे ९.६ च्याही खाली जात असेल तर बाकी काही बघूच नका, आधी बॅटरी आणि तिच्या क्लिपा बघा.

दुसरं अर्थिंग, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा सुटतं. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करा. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बीसीएमच्या अर्थच्या पिनवर. ०.१ व्होल्ट, फार तर ०.२ यायला हवेत. त्याहून जास्त आले तर अर्थचा बोल्ट खोलून घासा. लोक ओहम मोजतात आणि 'कंटिन्युइटी आहे', म्हणजे तार जोडलेली आहे, म्हणून सोडून देतात. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी कंटिन्युइटी येते. खरी परीक्षा लोड टाकल्यावर होते.

तिसरं फ्यूज. बीसीएमला एकच फ्यूज नसतो, चार-पाच वेगवेगळे फीड असतात. लॉकचा वेगळा, इंडिकेटरचा वेगळा, वायपरचा वेगळा. प्रत्येक फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. नुसता डोळ्यांनी बघून फ्यूज चांगला ठरत नाही.

आणि स्कॅनरचे कोड लिहून घेतलेत का? 'बीसीएम गेला' हा कोड नव्हे.

अनघा_के, १४ जुलै

अगदी प्राथमिक प्रश्न विचारते, रागावू नका. बीसीएम म्हणजे नक्की काय? इंजिनाचा कॉम्प्युटर तोच का?

सोल्डरवाला, १४ जुलै

नाही, इंजिनाचा वेगळा. बीसीएम म्हणजे गाडीच्या अंगावरचं सगळं बघणारा: दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, काचा, दारांची कुलपं, आतला दिवा. बऱ्याच गाड्यांत चावीची ओळखही तोच पटवतो, म्हणजे इमोबिलायझर.

पूर्वी हॉर्नचं बटण दाबलं की त्याचीच वायर रिलेपर्यंत, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या खटक्यापर्यंत, जायची. जुन्या पद्मिनी गाडीचं वायरिंग कागदावर काढून भिंतीला लावता यायचं. पुढे सोयी वाढल्या आणि वायरींचे जुडगे जाड होत गेले, म्हणून बॉशने काढलेली कॅन ही पद्धत आली. १९८६ मध्ये ती जाहीर झाली. पिळलेल्या दोन तारा, आणि त्यावर सगळे मॉड्यूल बोलतात. जत्रेतल्या लाउडस्पीकरसारखं आहे: पुकारा सगळ्यांना ऐकू जातो, उठतो तो ज्याच्या कामाचा आहे तोच. आता हॉर्नचं बटण फक्त निरोप देतं, रिले ओढतो बीसीएम.

रानवारांसाठी एक तपासणी यातूनच निघते. स्टीअरिंगखालच्या स्कॅनरच्या पोर्टमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना या दोन तारांच्या असतात. बॅटरी काढून त्यांच्यामध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास यायला हवेत. दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, म्हणून ६०. १२० आले तर एक टोक कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत बॉडीची लाइन वेगळी असते आणि ती या पिनांवर येतच नाही, तेवढं गाडीच्या वायरिंगच्या नकाशात बघून घ्या.

गाडीवान_दादा, १४ जुलै

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. आई-बाबा गाडीत बसतात. कात्रजच्या घाटात भर पावसात वायपर बंद पडला तर काय करणार? मीटर घेऊन महिनाभर खेळत बसण्यापेक्षा नवा भाग टाका आणि निर्धास्त व्हा. माझ्या भावाच्या गाडीत आम्ही आधी अर्थिंग केलं, मग हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलला, मग स्टीअरिंगखालचा कॉम्बी स्विच. शेवटी बीसीएमच निघाला. तोवर नव्याचे पैसे दीडदा खर्च झाले होते.

टेस्टलॅम्प, १४ जुलै

गाडीवान_दादा, घाटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दोष सापडेपर्यंत ही गाडी घाटात किंवा रात्री काढूच नका, रानवारा. पण तुमच्या भावाच्या बाबतीत तीन भाग मोजमाप न करता बदलले गेले, चौथा लागू पडला. मी भाग बदलायला सांगतच नाहीये. वरचं सगळं मोजायला एक दुपार लागते आणि मीटर घरात असेल तर खर्च शून्य.

मुळामुठा, १४ जुलै

उंदीर! आमच्या सोसायटीत पावसाळ्यात बोनेटखाली बिऱ्हाड करतात. बोनेटच्या आतलं जाड अस्तर कुरतडलेलं आहे का ते आधी बघा. मी तंबाखूची पानं ठेवून पाहिली, आमच्या उंदरांना ती आवडली बहुतेक.

चिंचबन, १४ जुलै

मुळामुठा, पुण्याचे उंदीर. पानाला चुना मागितला नाही हे नशीब.

वशिष्ठीकाठ, १५ जुलै

पाऊस लागल्यावर सुरू झालं म्हणताय, म्हणून लिहितो. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्या पाण्यात होत्या. माझ्या गाडीत सीटच्या वरपर्यंत गाळ. ओसरल्यावर ज्यांनी घाईने चावी फिरवली त्यांच्या गाड्यांतली मॉड्यूल जळाली, आणि हवा ओढण्याच्या नळीतून इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉडही वाकले. मी पहिलं काम केलं बॅटरी सोडवण्याचं. पाणी एकटं बोर्डाला लगेच मारत नाही. पाणी आणि करंट एकत्र आले की तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात.

तुमच्याकडे पूर आला नसेल, पण गाडीत पाणी शिरायला पूर लागत नाही. पुढच्या काचेच्या बुडाशी वायपरखाली जी जाळी असते, तिच्या खालच्या पन्हळीला दोन्ही बाजूंना पाणी जायला भोकं असतात. गाडी झाडाखाली लावत असाल तर ती पानांनी तुंबतात. मग पन्हळ भरते आणि पाणी एसीच्या ब्लोअरमधून किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून आत उतरतं. ड्रायव्हरच्या पायाजवळची चटई नुसती हाताने चाचपू नका. गालिचा उचला आणि खालचा फोम दाबून बघा. वरून कोरडा आणि खाली चिंब, असंच असतं.

रानवारा, १५ जुलै

सगळ्यांचे आभार. गाडी बाहेर काढणं बंद केलंय.

आजची मोजमापं: सकाळी बॅटरी १२.३. इंजिन चालू असताना १४.१. कॅनच्या पिनांमध्ये ६१ ओहम. लोड टाकून बीसीएमच्या अर्थवर ०.९ व्होल्ट! फ्यूज सगळे ठीक. कोड दोन, एक 'यू' ने सुरू होणारा आणि एक 'बी' ने.

गाडी सोसायटीतल्या गुलमोहराखाली लागते. फोम उद्या बघतो.

टेस्टलॅम्प, १५ जुलै

०.९ म्हणजे फारच झाले. ड्रायव्हरच्या बाजूला पायाजवळ, बॉडीच्या पत्र्यावर अर्थचा बोल्ट असेल. खोला, रिंगा आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. 'यू' वाला कोड संपर्क तुटल्याचा. अर्थिंग इतकं खराब असेल तर तो येणारच. कोड पुसून परत येतो का बघा.

आता बॅटरी उतरण्याचं. मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून बॅटरीच्या मायनसला सीरिजमध्ये जोडा. बोनेट आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवायचं, पण त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायची, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. रिमोटने लॉक करा आणि अर्धा तास हातही लावू नका. मॉड्यूल एकेक करून झोपतात. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

रानवारा, १६ जुलै

अर्थ घासला, बोल्टाखाली पांढरी भुकटी होती. आता ०.०८ येतात. काचा लगेच सुरळीत झाल्या, 'यू' कोड पुन्हा आला नाही. वायपर आणि हॉर्न मात्र तसेच.

झोपल्यानंतरचा करंट ४१० मिलिअँपिअर. बीसीएमचे कनेक्टर काढले तर ३०. म्हणजे बीसीएमच दोषी ना?

गाडीवान_दादा, १६ जुलै

सिद्धच झालं. बदला आता.

टेस्टलॅम्प, १६ जुलै

अजून नाही झालं. कनेक्टर काढल्यावर बीसीएमच्या मागचं सगळंच बंद पडतं, त्यामुळे आकडा खाली येणारच. एखाद्या दाराचा स्विच अडकला असेल, किंवा चावी आत आहे असं सांगणारा छोटा स्विच चिकटला असेल, तर चांगला बीसीएमही रात्रभर जागा राहतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात चारही दारं, डिकी, बोनेट आणि चावी काय दाखवतात ते बघा. तिथे सगळं 'बंद' असूनही ४०० च राहिले, तर मी गाडीवान_दादांच्या बाजूला येतो.

पावलोपावली, १६ जुलै

हिशेब करून पाहिला. ०.४१ अँपिअर गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. ६० ची बॅटरी असली तरी तीन दिवसांत निम्मी रिकामी. धागाकर्त्याचं 'दोन-तीन दिवस' बरोबर जुळतं.

लीड्सकर, १६ जुलै

इकडे इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी असते. हॉर्न, वायपर, इंडिकेटर यातलं काही चाललं नाही तर नापास, त्यामुळे जुन्या गाड्यांचे बीसीएम लोक सतत शोधत असतात. भंगारवाले इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू), बीसीएम आणि चावी असा जोड सेटमध्येच विकतात, कारण इमोबिलायझरसाठी ते एकमेकांना ओळखतात. एकटा बीसीएम आणून लावलात तर गाडी तुमच्या चावीला ओळखणार नाही असं होऊ शकतं.

शेतावरचा_फियाट, १६ जुलै

थोडं विषयांतर. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं पूर्ण. मग फिटनेस, पर्यावरण कर, पाच वर्षांसाठी नूतनीकरण. एवढा खर्च करण्याआधी तो विचार केलाय का?

रानवारा, १६ जुलै

केलाय. बाबांना उंच गाडीत चढता येत नाही, या गाडीची सीट त्यांच्या गुडघ्यांना बरोबर बसते. ती नूतनीकरण करून ठेवायचीच आहे.

उद्यमनगरी, १७ जुलै

कोल्हापूरहून. एक गोष्ट कुणी विचारली नाही: हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब टाकलेत का? किंवा बाहेरून अलार्म, मोठे हॉर्न? मूळचे ६०/५५ चे असतात. वेगळं रिले वायरिंग न टाकता मोठे बल्ब लावले की वाढीव करंट मूळ स्विच, रिले आणि ज्या गाड्यांत दिवे बीसीएमवरून चालतात तिथे त्याच्या बोर्डावरून जातो. दुकानदार दहा मिनिटांत लावून देतो, भोगतो बोर्ड.

रानवारा, १७ जुलै

बल्ब मूळचेच. पण सापडलं बहुतेक, वशिष्ठीकाठ म्हणाले तसंच.

लाइव्ह डेटात दारं, डिकी, चावी सगळं बंद दाखवत होतं. मग गालिचा उचलला. फोम दाबल्यावर बोटांमध्ये पाणी आलं, त्याला कुबट वास. मुलीला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि मी जाळीवर मगाने हळूहळू पाणी ओतलं. 'बाबा, काळ्या वायरीवरून थेंब येतोय' म्हणून ती ओरडली. थेंब हार्नेसवरून घरंगळत बरोबर बीसीएमच्या वरच्या कनेक्टरवर टपकत होता. पन्हळीतून गुलमोहराच्या पानांचा ओंजळभर लगदा निघाला.

बॅटरी सोडून बीसीएम बाहेर काढला. कनेक्टरच्या कोपऱ्यातल्या चार पिना हिरव्या. झाकण उघडल्यावर त्याच कोपऱ्यात पांढरट-हिरवा थर आणि एक ट्रॅक गायब. फोटो जोडलाय.

सोल्डरवाला, १७ जुलै

आधी फोटो काढून परत टाका. स्टिकरवर चासी नंबर स्पष्ट वाचता येतोय. तो आणि चावीचा पिन कोड उघड्यावर टाकू नये.

बोर्ड बघितला. वायपरच्या रिलेशेजारची ड्रायव्हर आयसी (रिलेला करंट देणारी चिप) फुगलेली दिसते, त्यामुळे नुसती सफाई पुरणार नाही. तुमचा करंटही बहुधा तिथूनच जातोय. ती आयसी सुटी मिळणं कठीण. पण खालच्या बाजूला आठ पायांची मेमरी चिप आहे ती स्वच्छ आहे, आणि खरा ऐवज तिच्यात असतो: चासी नंबर, चाव्यांची ओळख, गाडीत कोणत्या सोयी आहेत त्याची यादी. भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत तोच असलेला जुना बोर्ड आणा आणि तुमच्या चिपमधला मजकूर वाचून त्याच्या चिपमध्ये लिहून घ्या. गाडीला तो आपलाच वाटतो. काही बोर्डांत हा मजकूर मुख्य प्रोसेसरच्या आतही असतो, तिथे चिपचं काम पुरत नाही. तुमच्या बोर्डावर काय आहे ते काम करणाऱ्याला आधी विचारा.

दोन सावधगिरी. जुना भाग घेताना पावती घ्या, चोरीच्या गाडीचा माल गळ्यात पडू नये. आणि चिप काढण्याआधी तिची प्रत दोन ठिकाणी साठवून ठेवा.

गाडीवान_दादा, १७ जुलै

म्हणजे बीसीएम गेलाच होता. माझा अंदाज खरा ठरला.

टेस्टलॅम्प, १७ जुलै

ठरला, आणि मी तुमच्या बाजूला आलो. फक्त अडतीस हजारांचा नवा बीसीएम त्याच थेंबाखाली बसला असता, हे विसरू नका.

वशिष्ठीकाठ, १७ जुलै

नवा-जुना कोणताही बसवायच्या आधी फोम पूर्ण वाळवा. ऊन नसेल तर सीट काढून पंखा लावा. पावसाळी हवेत फोमला वेळ लागतो, आणि ओलावा तसाच राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा वर येईल. रबरी बूच नवीन टाका, आणि हार्नेसला कनेक्टरच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल.

रानवारा, २६ जुलै

झालं काम. त्याच क्रमांकाचा बोर्ड नाना पेठेत मिळाला, ४,२०० रुपये, पावतीसह. चिपचं काम एका मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या मुलाने ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली केलं, ३,००० रुपये. हार्नेसकडच्या हिरव्या पिना कापून नवीन टाकल्या, त्याचे ८००. बूच आणि किरकोळ वेगळं.

दोन्ही चाव्या पहिल्या फटक्यात ओळखल्या. वायपर, हॉर्न, लॉक सुरळीत. झोपल्यावरचा करंट २८ मिलिअँपिअर. काचांचं आपोआप वर जाणं विसरली होती, बटण वर धरून ठेवल्यावर पुन्हा शिकली. जाळीवर पुन्हा मगाने पाणी ओतून पाहिलं, आत टिपूस नाही.

टेस्टलॅम्प, सोल्डरवाला, वशिष्ठीकाठ, तुमचे उपकार आहेत. गाडीवान_दादा, घाटात न जाण्याचा सल्ला तुमच्यामुळे मिळाला, तो मोठा होता.

अनघा_के, २६ जुलै

फार छान. मुलीचं कौतुक सांगा, निदान तिनेच केलं!

चिंचबन, २७ जुलै

माझ्या हॉर्नचं राहिलं की. गाडी २०१५ ची, पेट्रोल. हॉर्न आणि स्टीअरिंगवरची ऑडिओची बटणं दोन्ही एकदम गेली, एअरबॅगचा दिवा लागलाय. बाकी सगळं चालू. बीसीएमच का?

टेस्टलॅम्प, २७ जुलै

तुमचा बीसीएम गेलेला नसावा. हॉर्न, ऑडिओची बटणं आणि एअरबॅग या तिन्हींच्या तारा स्टीअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीतून जातात. ती क्लॉक स्प्रिंग तुटली की ही तिन्ही एकत्र जातात. हे घरी उघडू नका, समोर एअरबॅग असते. ऑटो इलेक्ट्रिशियनला बॅटरी सोडून काही मिनिटं थांबूनच हात लावायला सांगा, आणि स्टीअरिंग सरळ ठेवून काम करायला सांगा, नाहीतर नवी पट्टी पहिल्याच वळणावर तुटेल. तोवर एअरबॅग काम करेल असं धरून गाडी चालवू नका.